जुना कॅमेरा कुणाच्या हातात

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या किनारा मराठी मंडळात चाळीस-पंचेचाळीस कुटुंबं होती, आणि त्या सगळ्यांची मुलं दत्तप्रसादांच्या कॅमेऱ्यात मोठी झाली होती. कोण कितव्या गणपतीत पहिल्यांदा स्टेजवर चढलं, कोण स्वागतगीत म्हणता म्हणता आईच्या नावाने रडू लागलं, कुणाचं धोतर ऐन नाचात सुटलं, हे सगळं त्यांच्याकडे तारीखवार लावून ठेवलेलं होतं. पोर्ट केम्बलाला पोलादाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मीटर आणि गेज तपासायचं काम करून दत्तप्रसाद दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. केक झाला, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखं काहीच उरलं नाही. त्याच सकाळी मंडळाचा फोन आला की काका, पाडव्याला कॅमेरा घेऊन येताय ना. त्या एका प्रश्नाच्या आधारावर माणसाने पुढची दोन वर्षं मजेत काढली असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

कॅमेरा बारा वर्षांपूर्वीचा. मुठीत मावणारा, चंदेरी रंगाचा, बाजूला पट्टा आणि मागे डोळा लावायला छोटी खिडकी. त्या पट्ट्यात दत्तप्रसादांच्या उजव्या हाताशिवाय दुसरा हात कधी गेला नव्हता. मंडळात नवीन आलेल्या एका उत्साही गृहस्थांनी एकदा 'बघू' म्हणून हात पुढे केला, तेव्हा दत्तप्रसादांनी त्यांच्या हातात बटाटेवडा ठेवला होता. घरात मेधाताई कपाटावरची धूळ पुसायच्या, पण कॅमेऱ्याच्या पिशवीभोवती एक चौकोन तसाच ठेवायच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की नवऱ्याची कुठली वस्तू उचलायची आणि कुठली नाही हे बाईला सांगावं लागत नाही.

आता मंडळातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मंडळात कुणाला काढून टाकत नाहीत, सत्कार करतात. शाल, श्रीफळ, 'त्यांच्या योगदानाबद्दल बोलावं तेवढं थोडंच' म्हणणारी दोन लांबलचक भाषणं, आणि मग सत्कारमूर्तीला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर नेऊन बसवतात. तिथून तो परत कधी उठत नाही. तीन वर्षांपूर्वी पेटी वाजवणाऱ्या अजितरावांचा असा सत्कार झाला आणि पुढच्याच कार्यक्रमाला त्यांच्या जागी युनिव्हर्सिटीतला एक मुलगा कीबोर्ड घेऊन बसला. अजितराव अजून पहिल्या रांगेत असतात. मांडीवर बोटं वाजवतात.

ही रीत दत्तप्रसादांना पाठ होती, म्हणून तर यंदाच्या गणपतीनंतर जे झालं ते त्यांना लागलं. मंडळाचे खरे प्रेक्षक काही वॉलॉंगॉंगला नव्हते. ते नाशिक, सातारा, मिरज, डोंबिवलीला होते, आणि दत्तप्रसादांनी चढवलेलं चित्रण टीव्हीला लावून चार-चार वेळा बघत होते. त्यातल्या नाशिकच्या एका आजींना गणपतीचं चित्रण बघताना चक्कर आली. चित्र इतकं हलत होतं की होडीत बसल्यासारखं झालं, शेवटी लिंबू-साखर घ्यावी लागली, असं त्यांनी मुलाला सांगितलं. मुलगा म्हणजे यतिन. तो विद्यार्थी म्हणून इथे आला आणि इथलाच झाला. आता आठवड्यातले तीन दिवस ट्रेनने सिडनीला जाऊन कॉम्प्युटरची नोकरी करायचा. गुणी मुलगा, पण मनात आलं की आधी ग्रुपवर टाकायची खोड. त्याने टाकलं की काकांचा कॅमेरा बिचारा आता म्हातारा झाला, त्याच कंपनीचं नवीन मॉडेल आलंय, मंडळाने तेच घ्यावं. त्यावर दहा मिनिटांत चौदा अंगठे आले.

दत्तप्रसादांनी ते अंगठे दोनदा मोजले आणि खाली लिहिलं की तुलना केल्याशिवाय खरेदी होणार नाही. दोन्ही कॅमेरे समोरासमोर ठेवू, रीतसर चाचण्या घेऊ, तसा अहवाल मी समितीला देईन.

लिहून झाल्यावर त्यांना वाटलं की हे आपण हात दाखवून अवलक्षण केलं. कारण खरी गोष्ट त्यांना अगदीच ठाऊक नव्हती असं नाही. मार्चपासून चष्म्याचा बारका स्क्रू बसवताना बोटं ऐकत नव्हती. बँकेतली सही वर-खाली जात होती. त्यांनी आधी कॉफीवर ठपका ठेवला आणि कॉफी सोडली, मग थंडीवर ठेवला, पण थंडी गेली तरी हात होता तिथेच. गणपतीत आरती टिपताना खिडकीतून मूर्ती थरथरताना दिसली, तेव्हा त्यांनी डोळा मिटून घेतला होता. कॅमेरा गेला असता तर एक वेळ चाललं असतं. हात गेला हे मंडळाला कळलं की शाल ठरलेली होती, आणि दत्तप्रसादांना त्या शालीची मनापासून भीती वाटत होती.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दीपगृहाच्या टेकडीवर तुलना झाली. यतिनने नवीन कॅमेरा आणला होता, पसंत नाही पडला तर महिन्याच्या आत दुकान परत घेणार होतं. दत्तप्रसादांनी वहीत सहा चाचण्यांचा तक्ता आखून आणला होता, आणि मेधाताईंना चित्र म्हणून बसायला आणलं होतं. त्या आबोली रंगाची ओढणी घेऊन बाकावर बसल्या आणि विणकाम काढलं.

पहिली चाचणी स्टँडवर ठेवून. दोघं सारखे. दुसरी लांबचं जवळ आणायची. समुद्रात कोळशाच्या बोटी रांगेत थांबल्या होत्या, त्यातल्या एकीचं नाव जुन्याने अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. नव्याला बोट दिसली, नाव दिसलं नाही. तिसरी रंगाची. जुन्यात आबोली ती आबोली दिसली, नव्यात मेधाताई गुलाबी ओढणी घेऊन बसल्या होत्या. दत्तप्रसादांनी जुन्याच्या खात्यात दोन खुणा केल्या आणि आपला तो बाब्या या न्यायाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चौथी अंधारातली. यतिनने गाडीच्या डिकीत एक लाल भोपळा ठेवला होता. नव्याने भोपळ्यावरचे ठिपकेसुद्धा दाखवले, जुन्याला डिकी तेवढी दिसली. पाचवी, सुरू व्हायला किती वेळ लागतो. जुना नऊ सेकंद, नवा दोन. म्हणजे दोन-दोन झाले.

"वारा फार सुटलाय," दत्तप्रसाद वही मिटत म्हणाले. "सहावी राहू दे."

"काका, तीच तर मेन आहे. आईला चक्कर त्यानेच आली ना? हातात धरून चालत शूट करा, एक मिनिट बस. मग तेच नव्याने करा."

दत्तप्रसादांनी जुना कॅमेरा हातात घेतला आणि बाकापासून दीपगृहापर्यंत चालत गेले. परत आल्यावर तिघांनी छोट्या पडद्यावर पाहिलं. पांढरंशुभ्र दीपगृह जागच्या जागी थरथरत होतं. मग त्याच रस्त्याने ते नवा कॅमेरा घेऊन चालले, आणि दीपगृह जिथे बांधलं तिथे मुकाट्याने उभं राहिलेलं दिसलं. नव्यात म्हणे भिंग आतल्या आत तरंगतं आणि हाताचा हिसका स्वतः गिळून टाकतं.

यतिनला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. तो म्हणाला, सॉरी काका, जुना गेला आता. एकदा आपणही धरून बघावा म्हणून त्याने जुन्याकडे हात केला, पण दत्तप्रसादांनी बारा वर्षांच्या सवयीने तो पोटाशी घेतला. यतिन बिचारा संगणकवाला, त्याचं समाधान झालं. दत्तप्रसादांचं मात्र झालं नाही. दोन कॅमेरे आणि माणूस एकच, म्हणजे चाचणी अर्धीच झाली, हे त्यांच्या खात्यातल्या नवशिक्या पोरालाही कळलं असतं. उरलेली अर्धी करायची त्यांची छाती होत नव्हती. मेधाताईंनी विणकाम गुंडाळलं.

रविवारी सकाळी मात्र राहवेना. मेधाताई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. दत्तप्रसाद कॅमेरा घेऊन गेले आणि त्यांनी तो बायकोपुढे धरला. मेधाताईंनी आधी ओले हात पुसले, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग पट्ट्यात हात घातला. दत्तप्रसादांनी सांगितलं तशी त्या अंगणात दोन मिनिटं फिरल्या. कुंपणावर बसलेला मॅगपाय पक्षी टिपला, लिंबाचं झाड टिपलं, वाळत घातलेला नवऱ्याचाच लेंगा टिपला. दत्तप्रसादांनी ते चित्रण पायरीवर बसून तीन वेळा पाहिलं. मॅगपायचं पीस न् पीस मोजता येत होतं. जुन्या कॅमेऱ्यात काडीचा दोष नव्हता.

"तुझा हात हलत नाही," ते म्हणाले.

"माझा नाही हलत," मेधाताई म्हणाल्या, आणि शेजारी येऊन बसल्या.

मग सगळं बाहेर आलं. मेधाताईंना मार्चपासून माहीत होतं. म्हणून तर मार्चपासून त्या चहाचा कप अर्धाच भरून देत होत्या आणि संपला की पुन्हा अर्धा भरत होत्या. दत्तप्रसाद सात महिने समजत होते की चहा गरम राहावा म्हणून बायको हे करते, आणि मनातल्या मनात तिच्या युक्तीचं कौतुकही करत होते. आता त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ज्या माणसाने कारखान्यातले हजारो काटे तपासले, त्याला स्वतःच्या घरात आपल्यावर कुणी लक्ष ठेवून आहे याचा पत्ता नव्हता.

मंगळवारी मेधाताई त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरणीने कागदावर गोगलगाईसारखं गोल गोल काढायला लावलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, चालून दाखवायला सांगितलं, आणि नो वरीज म्हणाली. ज्या कंपवाताच्या नावाने दत्तप्रसादांची झोप उडाली होती तो हा नव्हता. हा घराण्यातून येणारा कंप होता, हळूहळू वाढेल, गोळीने थोडाफार आवरेल, जीवाला काही धोका नाही. दत्तप्रसादांना एकदम आठवलं की वडील शेवटची दहा वर्षं बशी दोन्ही हातांनी धरून चहा प्यायचे आणि ती त्यांची ऐट आहे असं सगळे समजायचे. घराण्यातून काय काय येतं कळत नाही. शेतीचा तुकडा आला असता तर काय बिघडत होतं, असं ते परत येताना गाडीत म्हणाले.

जीवाची काळजी मिटली तशी शालीची काळजी दुप्पट झाली. आणि इथेच एक सोपी वाट समोर होती. अहवालात जुना कॅमेरा नापास करायचा. नवा येईल, त्याचं तरंगतं भिंग दत्तप्रसादांचा कंप गिळून टाकेल, नाशिकच्या आजींना चक्कर येणार नाही, आणि काका आहेत तिथेच राहतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. यात कुणाचं नुकसान नव्हतं. एक कॅमेरा तेवढा बदनाम होणार होता, आणि कॅमेऱ्याला काय कळतं?

त्यांनी टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात, म्हणजे त्यांच्या हाताला जमेल तितक्या सुवाच्य अक्षरात, अहवाल लिहिला. शेवटची ओळ बराच वेळ जुळवली. मग कागद मेधाताईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

"हातात धरून चित्रण केले असता जुन्या कॅमेऱ्याचे चित्र हलते." मग त्यांनी कागदावरून मान वर केली. "कुणाच्या हातात?"

"मी खोटं काय लिहिलंय?"

"खोटं काहीच नाही. पण अहो, कारखान्यात असं कुणी लिहून आणलं असतं तर तुम्ही खाली सही केली असती का?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी एका सदोष काट्याच्या तपासणीच्या कागदावर दत्तप्रसादांनी सही केली नव्हती. वरचा साहेब तीन वेळा येऊन सांगून गेला होता, शब्दांची थोडी फिरवाफिरव करा म्हणाला होता, आणि पुढच्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली होती. तेव्हा घराचा हप्ता डोक्यावर होता, मुलगी लहान होती, तरी त्यांना एवढा विचार करावा लागला नव्हता. आता साठी उलटल्यावर एका शालीसाठी आपण इतके घाबरलो याचा त्यांना राग आला. त्यांनी कागद चौकोनी फाडला आणि मागच्या कोऱ्या बाजूंवर मेधाताईंनी सामानाच्या याद्या लिहिल्या.

समितीची बैठक अध्यक्ष वीणाकडे होती. वीणा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एक गाणं म्हणायची. पहिल्या कामात ती अतिशय चोख होती. पोहे झाले, चहा आला. दत्तप्रसादांनी कप उचलला नाही, अहवालच मांडला. सहाच्या सहा चाचण्या सांगितल्या, आणि सातवी, अंगणातली, तीही सांगितली.

"तेव्हा कॅमेऱ्यात दोष नाही," ते म्हणाले. "माझा हात थरथरतो. गणपतीत जे हललं ते माझ्या हातामुळे हललं. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

यावर सगळे एकदम बोलले. कुणी अश्वगंधा सुचवली, कुणी मॅग्नेशियम, कुणाच्या साडूंना निव्वळ बदामाने गुण आला होता. यतिन इतका ओशाळला की त्याने स्वतःच्या ताटलीतला लाडू काकांच्या ताटलीत ठेवला. आणि हा गलका ओसरल्यावर वीणाने अगदी मायेने, डोळ्यांत पाणी आणून, ते वाक्य उच्चारलं.

"काका, दिवाळीच्या कार्यक्रमात आपण तुमचा सत्कार करू या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दत्तप्रसादांनी मान डोलावली. दुसरं काय करणार? यतिनने मग दुसरा मुद्दा काढला, की जुना कॅमेरा चांगला आहे तर नवा दुकानात परत देऊ, आणि हवं तर शूटिंगला मी उभा राहीन. दत्तप्रसाद म्हणाले, तू नको, मेधा राहील. मेधाताई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या की मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यावर दत्तप्रसादांनी एवढंच सांगितलं की तुझी चाचणी झालेली आहे, बाकी कुणाची झालेली नाही. तुलनेचा निकाल असा लागला. जुना कॅमेरा राहिला आणि जुना माणूस गेला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चारला, कम्युनिटी हॉलमध्ये दिवाळी साजरी झाली. सत्कार सगळ्यात आधी उरकला. शाल हिरव्या रंगाची होती आणि बाहेर अठ्ठावीस अंश होते. वीणा योगदानाबद्दल बोलावं तेवढं थोडंच असं म्हणून बरंच बोलली. मग दत्तप्रसादांना पहिल्या रांगेत नेऊन अजितरावांच्या शेजारी बसवलं. अजितराव त्यांच्या मांडीवर थोपटून म्हणाले, इथून छान दिसतं. दत्तप्रसादांना रडावंसं वाटलं. मांडीवर नारळ होता, तो त्यांनी घट्ट धरून ठेवला.

मुलांचं नाटक सुरू झालं. जंगलातल्या प्राण्यांची सभा भरते असं काहीतरी होतं. पुढे सिंह, ससा, मोर असली मानाची पात्रं आणि मागे आठ-दहा झाडं. दत्तप्रसादांनी मान वळवून पाहिलं. मेधाताई भिंतीशी कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. हात दगडासारखा स्थिर, पण कॅमेरा आपला मधोमध. सिंह बोलतोय तर सिंह, सिंह गप्प तरी सिंहच. मागे तिसऱ्या झाडाच्या जागी मंडळातल्या मैथिलीची मुलगी उर्वी उभी होती, सहा वर्षांची, दोन्ही हात फांद्यांसारखे वर धरून. तिला एकच वाक्य होतं. तिच्याकडे कुणी बघणार नव्हतं, आणि मिरजेला तिचा आजोबा टीव्हीसमोर बसणार होता.

दत्तप्रसाद उठले. नारळ अजितरावांच्या मांडीवर ठेवला, शाल खांद्यावर तशीच, आणि वाकून भिंतीकडे गेले. मेधाताईंच्या मागे उभे राहून त्यांच्या कानाशी कुजबुजू लागले. तासभर ते तिथून हलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर दोघं दमून घरी गेली, रविवारी सकाळी मेधाताईंनी कार्ड यतिनला दिलं, आणि त्याने चहा पिता पिता चित्रण चढवून दुवा सगळीकडे पाठवून टाकला. कुणी आधी ऐकून बघितलं नाही.

सोमवारी दत्तप्रसादांनी ते टीव्हीवर लावलं. चित्र झकास, पण त्यावर नाटकापासून शेवटपर्यंत एक पुरुषी आवाज होता, कॅमेऱ्याला अगदी चिकटून. बारा वर्षं कॅमेऱ्यामागे तोंड मिटून उभं राहिलेल्या माणसाला हे सुचलंच नव्हतं की कॅमेऱ्याला कानही असतात.

"डावीकडे घे. मागे, तिसरं झाड. ती उर्वी. जरा थांब तिच्यावर, तिचा आजोबा मिरजेला बघतो... आता तिचं वाक्य येईल... म्हणाली. शाबास... आता मोर. तो प्रणव, यतिनचा. त्याच्या आजीला नाशिकला चक्कर येते, हळू वळव... ती कडेची मुलगी नवीन आहे, हिचे साताऱ्याचे आहेत ना गं? तिला चेहरा नीट दिसेल असं घे... आता वीणा गाणार. चांगली दहा मिनिटं जातील, तू खुर्चीवर टेक."

दत्तप्रसादांनी कपाळाला हात लावला. हे त्रेपन्न मिनिटं असंच चाललं होतं. कोण कुणाचं, कुणाचे आजी-आजोबा कुठे, कुणाला गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे यंदा इथे येता आलं नाही, सगळं गावाला सांगून झालं होतं. त्यांनी यतिनला फोन केला की ताबडतोब उतरव. यतिन हसायला लागला. वीणाचा फोन त्याआधीच येऊन गेला होता, तिने पुढच्या वेळी पाच मिनिटांचं गाणं घ्यायचं ठरवलं होतं, आणि एवढ्यावर थांबली म्हणजे फारच मोठं मन म्हटलं पाहिजे. पण उतरवायचं कसं, काका, तो म्हणाला, कालपासून कितीतरी घरी पाहून झालंय.

फोन ठेवतात तोच पुन्हा वाजला. नंबर भारतातला होता. कुणीतरी बोल लावायला केलाय असं समजून दत्तप्रसादांनी उचलल्या उचलल्या माफी मागितली, की आवाज चुकून आला, आम्ही काढून टाकतोय. पलीकडून एक म्हातारा, सावकाश बोलणारा आवाज आला. तो उर्वीचा आजोबा होता, मिरजेहून. मैथिलीकडून नंबर घेतला म्हणाला.

"काढू नका हो. माझी नजर गेली, त्याला चार वर्षं झाली. पडद्यावर नुसता उजेड दिसतो मला. एवढे कार्यक्रम लागले आमच्याकडे, घरातले म्हणायचे ती बघा उर्वी, ती बघा, तोवर दुसरंच कुणीतरी आलेलं असायचं. काल पहिल्यांदा मला कळलं ती कुठे उभी आहे ते. तुम्ही म्हणालात तिसरं झाड. तुम्ही म्हणालात आता तिचं वाक्य येईल, आणि आलं."

दत्तप्रसादांनी उजवा हात टेबलावर ठेवला होता, तो आपला आपण थरथरत होता, आणि त्यांनी तो थरथरू दिला. इतकं बरं त्यांना कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. मेधाताई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना त्यांनी खुणेने जवळ बोलावलं आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

"एक विनंती आहे फक्त," मिरजेचे आजोबा म्हणाले. "पुढच्या वेळी जरा मोठ्याने बोला. टाळ्या वाजल्या की तुमचं ऐकू येत नाही."

दत्तप्रसाद म्हणाले, हो, बोलेन.